खांद्याची पाळी

पनवेलात राहणाऱ्या माणसाला माथेरान ही काही दूरची गोष्ट नव्हे. पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या मागे ते लांबट पठार. पावसाळ्यात ढगांत बुडालेले, आश्विनात धुऊन काढल्यासारखे लख्ख. आमच्या तालुक्यातल्या धोदाणीहून तर पायवाटेने थेट वर चढता येते.

सहकुटुंब डोंगरावर जाऊन चार दिवस मौज करावी, ही हौस आता सार्वत्रिक झाली आहे. ज्यांना परवडते ते गुलमर्गला जाऊन बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. आमच्यासारखे माथेरान गाठतात. पण एक गोष्ट मी दोन्हीकडची ऐकली-पाहिली आहे. गुलमर्गला पाहुण्याला लाकडी घसरगाडीवर बसवून तिथला माणूस ती बर्फावरून ओढतो. माथेरानला तांबड्या मातीवरून माणसाने माणसाची रिक्षा ओढली. आपल्या सुटीच्या आनंदाचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकावा काय, हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो आईमुळे भेटला.

माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी लावला, असे आम्ही मुलांना शिकवतो. ते चौकहून वर चढले. ठाकर, धनगर, कातकरी त्या रानात आधीपासून वावरत होते; त्यांचे चढणे शोधात धरले गेले नाही. पुढे पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. मोटारींना गावात बंदी राहिली. ही बंदी मला फार आवडते. मात्र मोटार नको म्हटले की सामान, आजारी माणूस आणि पाहुणा वाहून न्यायला कोणीतरी लागतेच. आपण ज्या शांततेची स्तुती करतो ती घोड्यांनी आणि माणसांनी आपल्या अंगावर पेलली होती.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही गेलो. दस्तुरी नाक्यापर्यंत मोटार, पुढे गाव अडीच-तीन किलोमीटर. आईचे गुडघे दुखत होते. "मी चालेन हळूहळू," ती म्हणाली. पण मी ऐकले नाही. रिक्षावाल्यांशी घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतले. एकजण पुढे ओढायला, दोघे मागून ढकलायला. पुढचा माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. मी पिशव्या घेऊन बाजूने चालत होतो आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

अर्ध्या वाटेत चढ लागला तशी आई म्हणाली, "थांबवा." ती उतरली, रिक्षाची दांडी धरून तो चढ पायी चढली आणि सपाटी आल्यावर पुन्हा बसली. त्या माणसांनी तिला पुष्कळ सांगून पाहिले. बाजारात पोचल्यावर मी शंभर रुपये जास्त दिले. मला बरे वाटले. रात्री आई म्हणाली, "आधी पन्नास कापलेस, मग शंभर दिलेस. दोन्ही वेळा तुला स्वतःलाच बरं वाटायचं होतं."

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले, अशा वाहनात बसूच नये. यात आपले हात स्वच्छ राहतात. पण ओढणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटेल, याचा विचार त्या स्वच्छतेत नसतो. दुसरे, बसावे, आपण त्याला रोजगारच देतो. हे तर अधिक सोयीचे, कारण यात आपले सुख हाच परोपकार ठरतो. दोन्ही उत्तरे बसणाऱ्याची आहेत. ओढणाऱ्याला कोणी विचारलेले नाही.

मग दुसऱ्याने आपल्याला वाहून नेणे हेच मुळात वाईट काय? तसे म्हणता येत नाही. आपण आईच्या कडेवरून जगात फिरलो आणि शेवटी चौघांच्या खांद्यावरून जाणार आहोत. तीन वर्षांपूर्वी आईला खांदा दिला, तेव्हा थोड्या अंतरावर माझा खांदा भरून आला. शेजारचे गृहस्थ काही न बोलता पुढे झाले आणि त्यांनी मला मोकळे केले. तिरडीला खांदा देण्यात पाळी बदलते; आज मी दिला, उद्या मला मिळेल. माथेरानच्या वाटेवर पाळी बदलत नव्हती. ओढणारा नेहमी ओढणारा आणि बसणारा नेहमी बसणारा. मला वाटते, अन्याय ओझ्यात नाही. पाळी कधीच न बदलण्यात आहे.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. नुसती बंदी घातली असती, तर ते पहिले सोपे उत्तर झाले असते. पण राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात, गुजरातेत केवडियाला केले तसे, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने म्हटले. ई-रिक्षा मागणाऱ्यांत हातरिक्षावालेही होते. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या पोटाची काळजीही खोटी नाही. यंत्र आले म्हणून न्याय आला असे होत नाही. त्या यंत्राची किल्ली कोणाच्या हातात पडते, यावर ते ठरेल. ती जुन्या खांद्यांना चुकवून दुसऱ्याच कोणाच्या खिशात गेली, तर आपण फक्त बघवत नाही ते दृश्य दूर केले, एवढेच.

आणि कायदा करील ते करील. आपल्यापाशी काय उरते? आईने केले तेवढे तरी उरते. तिने रिक्षा नाकारली नाही, त्या माणसांची मजुरी बुडवली नाही आणि तत्त्वही सांगितले नाही. आपल्या दुखऱ्या गुडघ्यांना जेवढा झेपला तेवढा चढ ती स्वतः चढली. हॉटेलात, घरी, शाळेत कितीतरी माणसे आपला भार वाहत असतात. त्या प्रत्येक वाटेवर कुठेतरी एक चढ असतोच. तिथे उतरायचे की बसून राहायचे, एवढे मात्र दरवेळी आपले आपणच ठरवतो.