पाणी मानवले काय?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा घरी आला तो एक प्रश्न घेऊनच. मुलीच्या हौसेखातर त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे आहेत. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटाने हे मासे जगभरच्या मुलांच्या ओळखीचे केले. चित्रपटातला मासा समुद्रफुलात राहतो. तेव्हा आपल्याही माशांना समुद्रफूल हवे, असा मुलीचा हट्ट.

“मामा, टाकीत मावेल ते. पण आणू का?” भाच्याने विचारले.

मी भाषा शिकवणारा माणूस. त्याच्या वाक्यातला ‘पण’ मला मोलाचा वाटला. ‘मावते का’ हे फूटपट्टी सांगते. ‘आणावे का’ हे कोण सांगणार?

समुद्रफूल हे नावाचेच फूल. खरा तो प्राणी. बुडाने खडकाला चिकटून राहतो आणि डंख करणाऱ्या शुंडकांनी भक्ष्य पकडतो. विदूषक मासे ज्यांत राहतात त्या उष्ण समुद्रांतल्या समुद्रफुलांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा यजमानाला देते. म्हणजे उजेड हा त्या जिवाचा घासच.

आता टाकीचा हिशेब पाहा. वरील मापाच्या टाकीत छप्पन लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड वजा जाता राहते पंचेचाळीसच्या आसपास. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर. तेव्हा समुद्र म्हणजे बाजारातले मीठ विरघळवून केलेले पाणी. उन्हाळ्यात ते आटते, मीठ मात्र मागे राहते. एक लिटर आटले की खारेपणा दोन टक्क्यांहून अधिक वाढतो. अथांग सागरात जे जाणवणार नाही, ते पंचेचाळीस लिटरांत जाणवते. शिवाय जागा पसंत पडली नाही तर समुद्रफूल सरकत सरकत दुसरीकडे जाते आणि पाणी फिरवणाऱ्या पंपात सापडते. ते मेले, तर सडून लहान टाकीतल्या माशांनाही घेऊन जाते. म्हणून जाणकार सांगतात, सव्वाशे लिटरांच्या आसपास पाणी हवे आणि टाकी सहा महिने ते वर्षभर मुरलेली हवी.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता. पण याच्या उलट बाजूचीही एक हकिकत आहे. सर जॉन डेलियल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणले आणि लहानशा काचेच्या बरणीत ठेवले. डेलियल १८५१ साली वारले. समुद्रफूल जगले. एकाकडून दुसऱ्याकडे बरणी जात राहिली, पाणी वेळच्या वेळी बदलले गेले, शिंपल्यातले मांस त्याला मिळत राहिले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. १८८७ साली एडिनबरोत ही आजीबाई गेली. बरणीत एकोणसाठ वर्षे काढून! ते समुद्रफूल थंड किनाऱ्याचे, भरती-ओहोटीचे हाल सोसणाऱ्या जातीचे होते हे खरे. तरीही बरणी केवढी होती यापेक्षा त्या बरणीमागे किती हात उभे राहिले, हेच मला मोठे वाटते.

मराठीत आपण प्राणी ‘पाळतो’ आणि दिलेला शब्दही ‘पाळतो’. क्रियापद एकच आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

भाच्याशी बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली आणि मी गप्प झालो. आतले शैवाल नाहीसे झाले की समुद्रफूल पांढरेशुभ्र होते. दुकानात असे शुभ्र समुद्रफूल पाहून गिऱ्हाईक भुलते. वास्तविक तो उपासमारीचा रंग असतो.

वडील गेल्यावर मी आईला खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून शहरातल्या दोन खोल्यांत आणले. जन्मभर भाताच्या शेतात राबलेली बाई. आता तिने आराम करावा, ही माझी भावना खरी होती. जागा होती, औषधपाणी होते, सूनही मायेने करी. वर्षभरात आईचा रंग उजळला. येणारे-जाणारे म्हणत, “म्हातारीला शहराचं पाणी मानवलं हो!” मला धन्य वाटे. तिच्या अंगाला ऊन लागत नव्हते, बोलायला बरोबरीचे कोणी नव्हते आणि ताटातली भाकरी अर्ध्यावर आली होती, याची बेरीज मी केली नाही. एकदा विचारले, “आई, बरं वाटतं ना इथं?” ती म्हणाली, “वाटतं की.” मला सोयीचे तेवढे मी ऐकले. तिसऱ्या वर्षी ती गेली.

समुद्रफुलाला बोलता येत नाही. माझ्या आईला येत होते, पण ती बोलली नाही. दोन्हीकडे जाणून घेण्याचा भार आणणाऱ्यावरच असतो, आणि तो आणण्याच्या दिवशी संपत नाही. प्रेम आहे म्हणून आपण आणतो. परंतु प्रेमाने पाण्याचा खारेपणा कळत नाही. त्यासाठी रोज मोजावे लागते, आणि जे दिसेल ते गैरसोयीचे असले तरी मानावे लागते.

भाच्याने समुद्रफूल आणले नाही. वर्षभर टाकी सांभाळून पाहायची, मग मोठी टाकी घेण्याची ऐपत असेल तर विचार करायचा, असे ठरले. समुद्रफुलावाचून मासे जगतात. मातीच्या एका लहान कुंडीच्या आडोशाला त्यांनी आपले घर केले आहे. मुलीने नोंदींची वही घातली आहे. गणपतीत गेलो तेव्हा तिने ती मला दाखवली. तारीख, खारेपणा, उष्णता, किती पाणी आटले. आणि शेवटी तिने स्वतःहून आखलेला एक रकाना : ‘मासे आज कसे आहेत?’

“आजोबा, बरोबर आहे ना?” तिने विचारले.

मी मान हलवली. माझ्या वहीत तो रकाना नव्हता.