निगुतीची उंची



चिखली-मेहकरच्या रस्त्यांवर पहाटे सैन्यभरतीसाठी मुलं धावतात. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या हाती लष्कराच्या ‘चीता’ हेलिकॉप्टरची, सुटे भाग जोडून करायची प्लास्टिकची प्रतिकृती द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

खऱ्या चीताच्या पात्यांच्या फेऱ्याचा व्यास 11 मीटर. 1:72 प्रमाणाच्या प्रतिकृतीत तो जेमतेम 15 सेंटिमीटर. शेपटीचा उघडा सांगाडा काडीहून बारीक. प्रत्येक भाग चिमट्यानं धरायचा, कडा घासायची, गोंदाचा एक थेंब लावायचा आणि वाळेपर्यंत थांबायचं. घाई केली की शेपटी वाकडी!

चीताचं मूळ फ्रेंच रूप ‘लामा’. त्यानं 21 जून 1972 रोजी 12,442 मीटर उंची गाठली. नाशिकच्या गांधीनगरला तयार झालेले आपले लष्करी वैमानिक चीता घेऊन सियाचीनच्या चौक्यांवर रसद पोहोचवत आले, आजारी जवानांना खाली आणत आले. तिथल्या विरळ हवेत एकेका किलोचा हिशोब ठेवावा लागतो.

उंच जायला धाडस हवंच. पण ते धाडस तोलून धरते ती बारीकसारीक कामातली निगुती. मुलांना ती हातांनी शिकू द्या. आणि आपणही आजचं लहानसं काम मन लावून, नीट करूया.