सुईनंतर पडलेले स्वप्न

इस्तिखारा करून झोपलेल्या माणसाने त्याच आठवड्यात वजन कमी करण्याची सुई घेतलेली असेल, तर त्याला पडलेले स्वप्न इस्तिखाऱ्याचे उत्तर मानावे काय? जुन्या किताबांत हा प्रश्न या शब्दांत सापडणार नाही, कारण तेव्हा ही औषधे नव्हती. डॉक्टरांच्या कानावरही तो जात नाही, कारण डॉक्टरला स्वप्न सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. त्यामुळे तो दोघांच्या मधे पडून राहतो आणि त्याचा भार तिसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर येतो.

मुखेड तालुक्यातल्या एका सोयरिकीत तो एका मुलीच्या डोक्यावर आला. मुलगी डी.एड. झालेली, मुलगा लातूरला नोकरीला. दोन्ही घरे एकमेकांना पसंत होती, तारीख धरायची तेवढी राहिली होती. मुलाच्या आईला बरीच वर्षे शुगर आहे, शरीर जड आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची सुई सुरू केली होती. या बाईंनी इशानंतर दोन रकात नफिल पढून दुआ मागितली आणि त्या झोपल्या. तीन रात्री लागोपाठ त्यांना एकच स्वप्न पडले. अंगणात मोठी देग चढवलेली आहे, झाकण काढले तर आत काळे पाणी आहे आणि ती मुलगी हसतमुखाने तेच पाणी ताटांत वाढते आहे. चौथ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप गेला, "इस्तिखारा अच्छा नहीं आया." नकारावर थांबले असते तर ठीक होते. पण मोहल्ल्यात बोलणे सुरू झाले की, अल्लाहनेच दाखवले म्हणजे मुलीत काहीतरी असणारच. काय असणार, हे कुणी सांगेना आणि कुणी विचारीना.

मी त्या बाईंशी बोलले आहे. त्या खोटे बोलणाऱ्या नाहीत. त्यांनी स्वप्न पाहिले, हे मला पूर्णपणे मान्य आहे. उलट त्यांचा युक्तिवाद ऐकून मीच थोडा वेळ गप्प झाले. त्या म्हणाल्या, "पूर्वी रात्री पोट भरून जेवायचे आणि मेल्यासारखी झोपायचे, सकाळी काही आठवायचे नाही. आता भूकच लागत नाही. पोट हलके असते, झोप हलकी असते, म्हणून स्वप्न साफ दिसते." आपल्या सूफी बुजुर्गांनी कमी खाणे, कमी झोपणे आणि कमी बोलणे यांची एकत्र तालीम दिली आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये भुकेचे जे फायदे मोजले आहेत, त्यांत झोप कमी होऊन रात्री जागता येणे हाही एक आहे. बाईंनी ते पुस्तक वाचलेले नाही, पण त्यातला विचार पिढ्यान्‌पिढ्या दस्तरखानावरून त्यांच्यापर्यंत आलेला आहे. म्हणून त्यांच्या म्हणण्याला हसून चालणार नाही, त्याला उत्तर दिले पाहिजे.

आधी औषधाकडे पाहू. जेवण झाल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठरातले अन्न पुढे ढकलण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला 'पुरे झाले' असा निरोप देते. सेमाग्लुटाइड हे या संप्रेरकाची नक्कल करणारे औषध आहे. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीने आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, आणि अशा चार कुप्या महिन्याला लागतात. जून २०२५ मध्ये 'वेगोव्ही' नावाने सेमाग्लुटाइडही आले. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच. त्यामुळे हा विषय मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांपुरता राहणारा नाही.

या औषधांच्या ठळक तक्रारी म्हणजे मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता आणि घशाशी येणे. ही औषधे घेणारे काही जण ठसठशीत, विचित्र स्वप्ने पडत असल्याचेही सांगतात. अशा अनुभवांच्या मानाने पक्की मोजदाद अजून थोडी आहे, म्हणून औषधावर थेट आरोप ठेवणे घाईचे ठरेल. पण एक साधी वाट समजण्यासारखी आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा दाखवून दिला. त्या टप्प्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्यातून उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. हा टप्पा रात्री अनेकदा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. (पहाटेचे स्वप्न खरे, असे आपल्या आज्या म्हणत. खरे-खोटे अल्लाह जाणे, पण पहाटे स्वप्ने जास्त आठवतात एवढे नक्की.) आपण सलग झोपलो तर बहुतेक स्वप्ने विरून जातात. पोटात मळमळून, घशाशी आंबट येऊन माणूस मधेच जागा झाला, तर तेवढ्यापुरते चाललेले स्वप्न हाताला लागते. म्हणजे स्वप्ने वाढली असतील किंवा नसतील, पण झोप मोडली की ती आठवतात. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण आहे आणि मांजरीच्या स्वप्नात छिछडे दिसतात, असे उर्दूत म्हणतात. ज्याच्या पोटात अन्नच नकोसे झाले आहे, त्याच्या स्वप्नातल्या देगेत काळे पाणी निघाले, तर त्याचे मला फारसे नवल वाटत नाही.

आता 'पोट हलके' या मुद्द्याचे उत्तर. या औषधाने भूक जाते, पण पोट रिकामे होत नाही. अन्न जठरात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता की, अशा रुग्णाने शस्त्रक्रियेआधी उपवास केला असला तरी त्याच्या पोटात अन्न असू शकते. गझालींची भूक आणि ही भूक नसणे, या दोन उलट्या गोष्टी आहेत. रोजेदाराला भूक लागते आणि तो हात आवरतो. इथे आवरायला काही उरतच नाही. औषध म्हणून यात काहीच गैर नाही, मधुमेहाच्या माणसाला ते वरदानच आहे. पण तकव्यातून मिळालेले हलकेपण आणि कुपीतून मिळालेले हलकेपण एकाच तराजूत घालू नये.

याच सोयरिकीत दुसरेही एक औषध होते, त्याची चर्चा कुणी केली नाही. मुलगी पाहायला येणार म्हणून घरच्यांनी तिला दोन महिने आधीपासून बारीक होण्याची पावडर आणून दिली होती. तिला रात्र-रात्र झोप येत नसे, छाती धडधडत असे, तोंड कोरडे पडत असे. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली तेव्हा आठवड्याभरात झोप परत आली. तिला स्वप्न पडण्याइतकी झोपच नव्हती, त्यामुळे तिच्या बाजूने कुणी इस्तिखाऱ्याचा निकाल मागितला नाही.

वजन उतरवणे आणि झोप मोडणे यांची सोबत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य देशांत बायकांना बारीक होण्यासाठी अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. त्या गोळ्या भूक मारत आणि झोपही मारत. स्वप्नांचा तो टप्पा त्या दाबून ठेवत, आणि गोळी बंद केली की दाबलेली स्वप्ने दुप्पट जोराने उसळून येत. नंतर आलेल्या सिबुट्रामाइनने तोंड कोरडे पडे, झोप उडे. हृदयावरच्या परिणामांमुळे २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेले, आणि भारतातही त्यावर बंदी आली. तरीही 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या मालात ते लपवून मिसळलेले अनेक देशांतल्या तपासण्यांत सापडत राहिले आहे. रिमोनाबांटची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ते २००६ मध्ये युरोपात आले. खाण्याची ओढ कमी करताना ते अनेकांच्या जगण्याचीच ओढ कमी करू लागले, उदासी आणि आत्महत्येचे विचार वाढले, आणि २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. आजच्या सुयांबाबतही तीच शंका घेतली गेली होती. युरोपच्या औषध संस्थेने तपास करून एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की, असा संबंध पुराव्यातून दिसत नाही. आणि नाण्याची दुसरी बाजूही आहे. लठ्ठपणामुळे झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइडला मान्यता मिळाली. अशा माणसाची झोप या औषधाने मोडत नाही, उलट सुधारते.

तर मग शरीराने घडवलेल्या स्वप्नाला दीन काय म्हणतो? हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक अल्लाहकडून येणारी खुशखबर, दुसरे शैतानाकडून येणारे भय, आणि तिसरे माणसाच्या स्वतःच्या मनातले बोलणे. हा तिसरा प्रकार आपण नेहमी विसरतो. युनानी हकीमही पित्ताच्या माणसाला आग दिसते आणि कफाच्या माणसाला पाणी दिसते, असे सांगत आले. म्हणजे देहाचा स्वप्नावर अंमल चालतो, ही काही आजच्या डॉक्टरांनी आपल्यावर लादलेली कल्पना नाही. इब्न खल्दूनने तर 'मुकद्दमा'त लिहून ठेवले आहे की, झोपण्याआधी काही विशिष्ट शब्द म्हणून त्याने स्वतः विलक्षण स्वप्ने पाहिली. पण लगेच तो बजावतो की, त्या शब्दांनी मनाची फक्त तयारी होते, हवे ते स्वप्न पाडून घेता येते असे त्यातून सिद्ध होत नाही. माणसाने काही केल्याने स्वप्नाचे दार किलकिले होऊ शकते, आणि त्यातून कोण आत आले हे मात्र वेगळे तपासावे लागते, एवढा फरक त्याला सहाशे वर्षांपूर्वी कळत होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. सुईमुळे पडलेले स्वप्न बाद म्हणावे, तर तापातले बाद, जड जेवणानंतरचे बाद, चिंतेतले बाद. मग उरले कोणते? नबुव्वत संपल्यावर मोमिनासाठी राहिलेली खुशखबर म्हणजे चांगले स्वप्न, हे तर आपण मानतो. औषधाने तेही हिरावून घ्यायचे काय? मला असे वाटते की, बाद करण्याची भाषाच इथे चुकते. ज्याला स्वप्नाने धीर आला, त्याने तो घ्यावा. सुई घेतली म्हणून अल्लाहचा मार्ग बंद होत नाही. प्रश्न स्वप्न खरे की खोटे हा नाही. ते दुसऱ्याविरुद्ध साक्षीला उभे करता येते काय, हा आहे.

याचे उत्तर आपल्याकडे बाराशे वर्षांहून जुने आहे. अब्बासी खलिफा महदीने स्वप्न पाहिले की, काझी शरीक त्याच्याकडे पाठ फिरवून आहेत. ताबीर सांगणाऱ्याने अर्थ लावला की, काझी वरून आज्ञाधारक आणि आतून विरोधी आहे. खलिफाने त्यांना बोलावून मृत्यूची धमकी दिली. शरीक यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, आपले स्वप्न हजरत इब्राहिम (अ.) यांचे नाही आणि आपला ताबीर सांगणारा हजरत यूसुफ (अ.) नाही, मग स्वप्नांवर मोमिनांच्या माना उडवायच्या काय? खलिफा शरमला. शातिबीने हा किस्सा स्वप्नाला शरीयतीचा आधार मानणाऱ्यांविरुद्ध सांगितला आहे. मुखेडच्या मुलीची मान कुणी उडवली नाही. तिची बदनामी झाली, आणि लग्नाच्या वयातल्या मुलीची बदनामी ही काय चीज असते ते आपल्या मोहल्ल्यांना सांगायला नको.

इस्तिखाराही मूळचा असा नव्हता. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत दोन रकात नमाज आहे आणि दुआ आहे, की यात भले असेल तर ते मला सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर कर. त्यात झोपणे नाही, स्वप्न नाही, पांढरे-हिरवे चांगले आणि काळे-लाल वाईट हा रंगांचा हिशोब तर मुळीच नाही. ती दुआ स्वतःच्या कामासाठी, स्वतः मागायची. तिचा निकाल दुसऱ्याच्या अंगावर काढायची मुभा तिने कुणाला दिलेली नाही.

झोपलेल्यावरून कलम उचललेले असते, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. त्यामुळे त्या बाईंनी स्वप्नात काय पाहिले याचा जाब त्यांना कुणी विचारणार नाही. फजरला डोळे उघडल्यानंतरचा निरोप मात्र जागेपणीचा आहे. मध्यस्थाचे बोलणे जागेपणीचे, मोहल्ल्यातली कुजबुजही जागेपणीची.

बाईंनी भिऊन सुई आपल्या मनाने बंद केली आहे, हे मला जास्त काळजीचे वाटते. सोबत इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असतील, तर रात्री साखर खाली जाऊनही भयंकर स्वप्ने पडतात आणि माणूस घामाने भिजून उठतो. तेव्हा ताबीर शोधण्याआधी बोट टोचून साखर पाहायची असते. डॉक्टरांना स्वप्न सांगा, असे मी त्यांना म्हटले. त्या हसल्या, पण पुढच्या वेळी सांगते म्हणाल्या. नकार देणे हा त्यांचा हक्क आहे, तो मी मोडू पाहत नाही. मुलगा त्यांचा, घर त्यांचे. पण 'आमच्या मनाला पटले नाही, तुमच्या मुलीत काही खोट नाही,' हे एक वाक्य त्याच मध्यस्थाने त्याच दारात जाऊन सांगायला हवे होते. ते अजून कुणी सांगितलेले नाही.