कासवीची नजर

 

मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका मावशींनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "सून बाळंत होऊन दोन महिने झाले. बाळाला वेळेवर पाजते, पण त्याच्याकडे बघून हसत नाही, बोलत नाही. नामात कुठे कमी पडतेय का?" प्रश्न बऱ्याच घरांतला आहे, म्हणून त्यांना विचारूनच आज हे चिंतन.

कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते, असा संतांचा दृष्टांत आहे. सद्गुरूंची कृपादृष्टी सांगताना आपण तो नेहमी देतो. माणसाच्या बाळालाही तो लागू पडतो. १९७८ मध्ये एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईने आधी बाळाशी खेळायचं, मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं हसून आईला पुन्हा पुन्हा बोलावत राहिली. ती हलेना, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. आई समोरच होती, नजर तेवढी हरवली होती.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यात असंच होतं. फरक एवढाच की प्रयोगातली आई लगेच हसू शकत होती, हिला हसू येतच नाही. काही जणी उलट सारख्या चिडतात. बाळ हळूहळू हाक मारणं सोडतं आणि घरात म्हणतात, "शहाणं आहे हो, अजिबात त्रास देत नाही." (हे शहाणपण जरा तपासून घ्यावं.)

पहिल्या आठ-दहा दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांवर टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं. नाम कमी पडलं म्हणून कोणाला ताप येत नाही, तसंच हे. जप जरूर करावा, औषधही घ्यावं. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात, ती डॉक्टर बघून देतात. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करतात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे. जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर एकटी सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आपण निगुतीने करतो. बाळंतिणीची झोप मात्र कोणी मोजत नाही. रात्री दोन-तीन तास बाळाला आजीने नाहीतर बाबांनी घ्यावं, त्याच्याशी बोलावं. तेवढा वेळ बाळाला नजर मिळते आणि आईला डोळा लागतो.

या महिन्यापासून आपल्या काही सेविका दर मंगळवारी दुपारी बाळंतिणींच्या घरी जाणार आहोत. तिची आंघोळ, जेवण शांतपणे होईपर्यंत बाळ आम्ही घेऊ. कोणाचं नाव ग्रुपवर टाकू नये, आमच्यापैकी कोणालाही वेगळा मेसेज करावा.