आश्रय आणि बंदिवास

प्राण्याला कोंडून ठेवणे ही हिंसा आहे का, हा प्रश्न गजांच्या पिंजऱ्यासमोर सहज पडतो. रानासारख्या सजवलेल्या आवारासमोर तो मनातून निसटतो. गज काढून खंदक खणण्याची रीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात रूढ केली. खंदक नजरेआड राहतो, म्हणून वाघ मोकळा भासतो. नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ रोजी सफारीचे उद्घाटन झाले. तिथे माणसे बंद बसमध्ये बसतात आणि वाघ, बिबटे, अस्वले झाडीत हिंडतात. पायाखाली माती, अंगावर ऊन, लपायला झुडूप, या गोष्टींचे प्राण्याला मोठेच मोल आहे. मात्र आवाराची हद्द तो ठरवत नाही. पाहणाऱ्याची टोचणी कमी होते, तेवढ्या प्रमाणात प्राण्याचा बंदिवास कमी झालेला नसतो.

बंदिवासाहून आश्रय वेगळा कसा, हे महानुभाव पंथाच्या एका कथेत दिसते. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठचे पांचाळेश्वर हे या पंथाचे ‘आत्मतीर्थ’ नावाचे तीर्थस्थान आहे. अहिंसा हा या पंथाच्या आचाराचा पाया. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात एक लीळा आहे: शिकाऱ्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शरण आलेल्याला ते शिकाऱ्यांच्या हाती देत नाहीत. त्यांची समजूत घालतात, आणि संकट टळल्यावर गुडघा उचलून सशाला जाऊ देतात. मांडीखालची ती जागाही अरुंदच होती. पण ससा स्वतः तिथे आला होता आणि वाट पुन्हा मोकळी झाली. अभय देणाऱ्याने त्याच्यावर हक्क सांगितला नाही, याला या प्रसंगात फार महत्त्व आहे.

हक्क न सांगता अभय देणे, हाच निकष लावला तर जखमी बिबट्याला किंवा आईवेगळ्या बछड्याला बचाव केंद्रात ठेवणे आश्रयच ठरते. रानात परतण्याजोगा नसेल, तर जन्मभराचाही. निव्वळ प्रदर्शनासाठी धडधाकट प्राणी राखणे मात्र, आवार कितीही हिरवे असले तरी, या निकषावर टिकत नाही. मुलांना प्राणी दिसतात, त्यांच्याविषयी माया वाटते, हे समर्थन खरे आहे. पण त्या मायेची किंमत प्राणीच मोजतो.

ही किंमत मोजायला न लावणारी जागा बीड जिल्ह्यातच आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. बालाघाटाच्या डोंगरांतल्या सुमारे ३० चौरस किलोमीटरांच्या या रानात मोर दिसेलच, याची हमी कुणी देत नाही. उन्हाळ्यात ओढे आटले की पाणवठ्यांत माणसांना पाणी सोडावे लागते. मोर येतात, पितात आणि हवे तिकडे निघून जातात.