कामावरून काढलेल्याचा हक्क

आपल्यातले काही जण अमेरिकेत गेले. कोणी तेथे लहानसा धंदाही थाटला. धंदा म्हटला की चार माणसे ठेवावी लागतात आणि कधी एखाद्याला काढावेही लागते. काढलेला माणूस राज्याच्या कचेरीत बेकारभत्त्यासाठी अर्ज करतो. मग मालकाच्या हाती कागद येतो : या माणसाला का काढले? या उत्तरात मालकाची नीती तपासली जाते.

हा भत्ता भीक नव्हे. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली असा पहिला कायदा केला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर ही व्यवस्था देशभर पसरली. पैसा मालकांवरील करातून येतो. तीन राज्ये सोडली तर कामगाराच्या पगारातून यासाठी काही कापत नाहीत. ज्याची काढलेली माणसे जास्त भत्ता घेतात, त्याच्या कराचा दर साधारणपणे चढतो. माणूस काढण्यापूर्वी मालकाने दहादा विचार करावा, हा हेतू. पण लोभ पळवाट शोधतोच. गैरवर्तनामुळे काढले असे ठरले, तर भत्ता नाकारला जातो, निदान लांबतो. मग मालकाला वाटते, लिहून टाकावे गैरवर्तन!

तुम्ही म्हणाल, माणूस कामाला कमी पडत होता हे तर खरे ना? असेल. पण कमी पडणे म्हणजे गैरवर्तन काय? १९४१ साली एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने याचा निवाडा केला. मालकाच्या हिताची जाणूनबुजून केलेली पायमल्ली ते गैरवर्तन. अकुशलता, असमर्थता, प्रामाणिकपणे झालेली चूक, ही गैरवर्तन नव्हेत. पुढे अनेक राज्यांनी हीच व्याख्या उचलली. सिगालाला उपदेश करताना भगवान बुद्धांनी मालकाचे पहिले कर्तव्य सांगितले ते हे की, नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. शक्तीबाहेरचे काम देऊन तो हरला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

बेकाराकडे पाहून "याचेच काही चुकले असेल" म्हणणे फार सोपे. आपल्या वाडवडिलांच्या दारिद्र्याला पूर्वजन्मीचे पाप म्हणणारे याच सोप्या वाटेने गेले. दीक्षा घेताना ती भाषा आपण टाकली. हाताखाली चार नोकर आले म्हणून ती पुन्हा तोंडी येऊ द्यायची काय?

मालकाचीही बाजू आहे. लहान दुकानदाराला वाढलेला कर जड जातो, सुनावणीसाठी गल्ला सोडावा लागतो. आणि नोकराने खरोखर चोरी केली असेल, तर ती पुराव्यानिशी सांगण्यात करुणेचा भंग नाही; दया आली म्हणून "काम संपले" असे लिहिणे हाही मुसावादच. मात्र गैरवर्तन सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. म्हणून ताकीद वेळच्या वेळी, लेखी, तारीख घालून द्यावी. अर्ज आल्यावर आठवून आठवून गोळा केलेल्या तक्रारींना काय किंमत?

बहुतेक राज्यांत हा भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, काहींत त्याहूनही कमी. तेवढ्यात घरभाडे द्यायचे, मुलांना जेवू घालायचे आणि दुसरे काम शोधायचे.