तंबूतला सौदा

अमेरिकेत मोटारविक्रेत्याचा परवाना त्याच्या जागेला बांधलेला असतो. ती जागा सोडून मॉलच्या वाहनतळावर किंवा जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून गाड्या विकायच्या, तर अनेक राज्यांत वेगळी परवानगी काढावी लागते. फ्लोरिडात ही पूरक परवानगी विनाशुल्क मिळते, पण सलग दहा दिवसांहून अधिक काळासाठी नाही. नियम रुक्ष आहे, तरी त्याच्या मुळाशी नीतीचा एक साधा विचार आहे. ज्याने माल विकला तो उद्या, परवा, सहा महिन्यांनीही त्याच पत्त्यावर सापडला पाहिजे. हा विचार मला मान्य आहे. मात्र तेवढ्याने गिऱ्हाइकाचं रक्षण होतं, हे पटत नाही.

तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाचा 1970च्या दशकातला एक नियम आहे. विक्रेत्याच्या नेहमीच्या दुकानाबाहेर, म्हणजे घरी येऊन किंवा भाड्याच्या सभागृहात, झालेली खरेदी तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येते. तात्पुरत्या जागी झालेल्या खरेदीसाठी सध्याची किमान रक्कम 130 डॉलर आहे. दुकानात माणूस ठरवून जातो. बाहेर त्याला गाठलं जातं, म्हणून त्याला विचाराला सवड हवी, हे तर्कशास्त्र. पण मोटारी यातून वगळल्या आहेत. विक्रेत्याचं कुठेतरी एक कायमचं ठिकाण असलं, की तंबूत विकलेल्या गाडीला तीन दिवसांची मुभा नाही. म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये दोनशे डॉलरचा भांड्यांचा संच घेतलेल्या गृहिणीला मन बदलता येतं, आणि मैदानात वीस हजारांच्या मोटारीवर सही करून पाच-सहा वर्षांचं कर्ज गळ्यात घेतलेल्या कामगाराला येत नाही. रक्कम जितकी मोठी तितकी सवड कमी, हा उलटा न्याय झाला.

पत्ता असला म्हणजे जबाबदारी आली, हे या सवलतीमागचं गृहीत. तंबूतल्या विक्रीत नेमकं तेच डळमळतं. असे सेल पुष्कळदा बाहेरून आणलेली माणसं चालवतात. जाहिरातकंपनी घरोघरी पत्रं टाकते, तिची विक्रेत्यांची टोळी येते, चार-पाच दिवस बोलते, कमिशन घेऊन पुढच्या गावी जाते. मागे उरतो परवानाधारक आणि त्याने छापलेला कागद. गाडी जुनी असेल, तर तोंडी दिलेली आश्वासनं वसूल करणं अवघड असतं, असा इशारा काचेवरच्या सक्तीच्या माहितीपत्रकातच असतो. 2020 साली करोनाच्या पहिल्या लाटेत फ्लोरिडातल्या लोकांना सरकारी मदतीची वाटावीत अशी पत्रं आली. सोबत धनादेशासारखा कागद होता. मदत घ्यायला बोलावलेल्या जागी, बुशनेल गावात, जुन्या गाड्यांचा सेल लागलेला होता. आयोगाने 2021 मध्ये ही पत्रं पाठवणाऱ्या जाहिरातकंपनीला आणि तिच्या मालकाला वीस वर्षांसाठी मोटारधंद्याबाहेर काढलं. शिक्षा योग्यच, पण ती वर्षभराहून अधिक काळाने आली. पत्राला भुलून कोणी त्याच दुपारी सही केली असेल, तर त्याला ती मागे घ्यायची वाट या शिक्षेने उघडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की गिऱ्हाईक सज्ञान आहे, सही त्याची आहे. खरं आहे. पण सज्ञान माणसाला चौकशी करू द्यावी लागते, आणि ‘आज संध्याकाळपर्यंतच हा भाव’ या घोषणेचा हेतूच ती चौकशी टाळण्याचा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंदिस्त नियमांचा फायदा गावातल्या प्रस्थापित विक्रेत्यांना होतो. बाहेरचा स्पर्धक आलाच नाही, तर भाव त्यांच्या हातात राहतो. हे मी नाकारत नाही. विक्रेत्याला विक्रेत्यापासून वाचवणारा कायदा आणि गिऱ्हाइकाला वाचवणारा कायदा यांची भाषा अनेकदा एकच असते, आणि विधिमंडळात पहिल्याचे पाठीराखे जास्त संघटित असतात. लहान गावात शोरूमच नसेल, तर मैदानातला सेल ही तिथल्या लोकांची सोयच. म्हणून तंबूवर बंदी मागण्यात अर्थ नाही. फसवणूक काचेच्या शोरूममध्येही होते. बांधायचं आहे ते घाईला, आणि परवानगीच्या अटी मात्र जागा मोजत बसल्या आहेत.

कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये या दिशेला वळण घेतलं. पन्नास हजार डॉलरपर्यंतची जुनी गाडी विक्रेत्याकडून घेतल्यावर तीन दिवसांत परत करण्याचा हक्क तिथल्या नव्या कायद्याने दिला आहे. अंमल ऑक्टोबर 2026 पासून. आपल्याकडेही जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना 1 एप्रिल 2023 पासून अधिकारपत्राचे नियम लागू झाले. त्यांचा भर ताब्यातल्या गाडीची जबाबदारी कोणावर, यावर आहे. गिऱ्हाइकाच्या फेरविचाराला त्यात जागा नाही. गाडी एकदा रस्त्यावर आली की तिची किंमत उतरते, ती परत घेणं विक्रेत्याला परवडत नाही, असं सांगितलं जाईल. त्यात तथ्य आहे, म्हणूनच किलोमीटरची मर्यादा घालावी, परतीचं शुल्क ठरवून द्यावं. काही सौदे तरीही मोडतील आणि तो खर्च थोडाफार सगळ्यांच्याच किमतीत येईल. माझ्या मते तो द्यायला हरकत नाही, कारण आज हाच खर्च एकट्या, घाईत सही केलेल्या माणसाकडून हप्त्याहप्त्याने वसूल होतो आहे.